बस, बोट आणि उन्हाळी ब्लॉकबस्टरची पारख

हॉलिवूडच्या उन्हाळी ब्लॉकबस्टरांमधले उत्तम कोणते आणि टाकाऊ कोणते, याच्या याद्या दरवर्षी निघतात. त्यांतल्या बऱ्याच याद्यांना गल्ल्याचं माप लावलेलं असतं. त्या मापाने २००९ चा दुसरा 'ट्रान्सफॉर्मर्स' थोर ठरतो, कारण त्याने जगभरात ८० कोटी डॉलरच्या वर कमाई केली. आणि १९८२ च्या जूनमध्ये लागलेले 'द थिंग' आणि 'ब्लेड रनर' फुकट जातात, कारण दोन आठवडे आधी आलेल्या 'ई. टी.'पुढे त्यांना कुणी विचारलं नाही. मला हे माप मान्य नाही. माझं माप साधं आहे. मारामारी किंवा पाठलाग सुरू होण्याआधी प्रेक्षकाला दोन गोष्टी पक्क्या ठाऊक हव्यात: कोण कुठे आहे आणि काय झालं की घात होणार आहे. म्हणजे जागा आणि नियम. हे दोन्ही जागेवर असले की सिनेमा तीस वर्षांनीही धरून ठेवतो. नसले की पडद्यावर अख्खं शहर कोसळलं तरी मन हलत नाही.

हे तपासायला सगळ्यांत सोयीची जोडी म्हणजे 'स्पीड' (जून १९९४) आणि 'स्पीड २' (जून १९९७). दोन्हींचा दिग्दर्शक यान डी बाँट, दोन्हींत सँड्रा बुलक. पहिल्याचा खर्च ३ कोटी डॉलरच्या आसपास, दुसऱ्याचा ११ कोटींच्या वर. तरीही पहिला अव्वल आणि दुसरा पार फसलेला.

'स्पीड'चा नियम असा: लॉस एंजेलिसच्या सिटी बसने ताशी ५० मैलांचा, म्हणजे ८० किलोमीटरचा वेग ओलांडला की बॉम्ब जागा होतो. वेग पुन्हा त्याखाली आला की फुटतो. प्रवासी उतरवायला गेलात तरी फुटतो. एवढं एकदा कळलं की सिग्नल, वळण, तुंबलेला रस्ता, समोरून जाणारी बाबागाडी, प्रत्येक गोष्ट जिवावरची होते. पटकथेची खरी करामत पुढे आहे. इथे प्रत्येक उपायातून पुढची अडचण निघते. गर्दी टाळायला बस न उघडलेल्या महामार्गावर घातली, तर तो महामार्गच अर्धवट आहे, मध्ये पुलाचा तुकडाच नाही. ती मोकळी जागा उडीने ओलांडून बस विमानतळाच्या धावपट्टीवर नेली, कारण तिथे गोल गोल फिरता येतं. तिथे बॉम्ब निकामी करायला नायक बसखाली गेला, जीव वाचवायला त्याने वर स्क्रूड्रायव्हर खुपसला, आणि तो घुसला नेमका इंधनाच्या टाकीत. आता वेग कायम ठेवला तरी इंधन संपणार. कुणीही बाहेरून नवा खलनायक आणलेला नाही.

याच सिनेमातली एक बारीक गोष्ट पाहा. बुलकच्या अंगात ॲरिझोना विद्यापीठाचा स्वेटशर्ट आहे, त्यावर त्यांच्या संघाचं नाव, वाइल्डकॅट्स. तो सुरुवातीपासून आपल्यासमोर असतो. खलनायक फोनवर बोलताना तिला सहज 'वाइल्डकॅट' म्हणतो, आणि नायकाच्या डोक्यात उजेड पडतो: याला आतलं दिसतंय, म्हणजे बसमध्ये कॅमेरा आहे. कथेला कलाटणी देणारा पुरावा तासभर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. पुलावरच्या उडीचं भौतिकशास्त्र चुकीचं आहे, हे मान्य. सपाट रस्त्यावरून सुटलेली बस नाक वर करून उडणार नाही. चित्रीकरणात उताराची फळी वापरली होती आणि पुलातली मोकळी जागा नंतर संगणकावर कोरली. पण त्या क्षणी आपण हिशेब मांडत बसत नाही, कारण बस थांबली तर काय होणार ते आपल्याला ठाऊक असतं.

'स्पीड २'मध्ये तोच दिग्दर्शक क्रूझ जहाजावर गेला. जहाज मुळात संथ. त्याचा वेग कमी झाला तर बिघडत काही नाही, उलट बरंच. प्रवाशांना जीवरक्षक होड्यांतून उतरता येतं आणि बरेच उतरतातही. म्हणजे पहिल्या सिनेमाला बांधून ठेवणारी दोन्ही बंधनं गेली. मग उरलं काय, तर संगणकाची बटणं दाबून जहाज ताब्यात घेणारा एक माणूस आणि शेवटी बंदरातल्या गावात घुसणारं जहाज. त्या धडकेसाठी कॅरिबियनमधल्या सेंट मार्टिन बेटावर खरोखरचं बांधकाम उभारून ते पाडलं, त्या एका प्रसंगावर सुमारे २.५ कोटी डॉलर गेले. दिसतं भव्य. पण कुणाचं काय पणाला लागलंय ते न कळल्यामुळे आपण नुसती लाकडं मोडताना बघत राहतो.

आता सर्वोत्तम. माझ्या मते माणसं खाणाऱ्या शार्कचा 'जॉज', २० जून १९७५, आणि त्याच्या जवळपास दुसरा कुणी नाही. उन्हाळी ब्लॉकबस्टर हा प्रकारच तिथून सुरू झाला. तोवर मोठा सिनेमा आधी मोजक्या शहरांत लावून हळूहळू पसरवायची रीत होती. 'जॉज' अमेरिकेत एकाच दिवशी ४०९ थिएटरांत लागला आणि त्याआधी टीव्हीवर जाहिरातींचा भडिमार झाला. पण तो व्यापाराचा भाग झाला, मी बोलतोय ते कारागिरीबद्दल.

यांत्रिक शार्क गोड्या पाण्यात तपासले होते. मार्थाज व्हिनयार्ड बेटाजवळच्या खाऱ्या पाण्यात गेल्यावर ते वारंवार बंद पडले. ५५ दिवसांचं चित्रीकरण १५९ दिवसांवर गेलं. शार्क दाखवता येईना, म्हणून दिग्दर्शक स्पीलबर्गने त्याच्या खुणा दाखवल्या, आणि सिनेमा तिथेच जिंकला. धक्क्यावरचा प्रसंग आठवा. दोन माणसं मांसाचा मोठा तुकडा साखळीला अडकवून पाण्यात सोडतात, साखळी लाकडी धक्क्याला बांधलेली. शार्क आमिष ओढतो, धक्क्याचा तुकडाच तुटतो आणि त्यावरच्या माणसासकट समुद्रात जातो. माणूस पाण्यात. तो तुकडा दूर जाता जाता थांबतो. मग सावकाश वळतो आणि किनाऱ्याच्या दिशेने, पोहणाऱ्या माणसाच्या मागे येऊ लागतो. मासा कुठेच नाही, फक्त वळलेलं लाकूड. पुढे हेच काम पिवळी पिंपं करतात. भाल्याला बांधलेलं पिंप पाण्याखाली गेलं की शार्क किती ताकदीचा आहे ते कळतं, वर आलं की तो कुठे आहे ते कळतं.

जॉन विल्यम्सचे दोन सूर सगळ्यांना पाठ आहेत, पण ते कसे वापरलेत याकडे लक्ष द्या. दोन पोरं शार्कसारखा पुठ्ठ्याचा पर लावून लोकांना घाबरवतात, तेव्हा ते सूर वाजत नाहीत. म्हणजे संगीत खोटं बोलत नाही, याची आपल्याला नकळत सवय लावली जाते. मग साधारण ८१ व्या मिनिटाला पोलीस प्रमुख बोटीच्या मागच्या बाजूला आमिष फेकत असताना शार्क पहिल्यांदा तोंड काढतो, आणि तिथेही संगीत नाही. ज्या इशाऱ्यावर आपण विसंबलो होतो तोच काढून घेतला. थिएटरात माणसं खुर्चीतून उडाली ती यामुळे. आणि शेवट? ज्या हवेच्या टाकीने शार्क मरतो, ती टाकी फुटू शकते हे बोटीवर आधीच झालेल्या एका धांदलीत सांगून ठेवलेलं असतं. संकलक व्हर्ना फील्ड्सना याचं ऑस्कर मिळालं, ते शंभर टक्के योग्य होतं.

'जुरासिक पार्क' (जून १९९३) माझ्या यादीत दुसरा. १२७ मिनिटांच्या सिनेमात डायनोसॉर पडद्यावर दिसतात पंधरा मिनिटांच्या आसपास, त्यातलं संगणकावर केलेलं काम सहाएक मिनिटांचं. बाकी स्टॅन विन्स्टनच्या कारखान्यात बनलेली यांत्रिक जनावरं. टी-रेक्सच्या फोमच्या कातडीत पावसाचं पाणी मुरलं की वजन वाढून तो थरथरायला लागायचा, मग मधल्या वेळात त्याला पुसून कोरडा करावा लागे. ग्लासातल्या पाण्यावरची वर्तुळं गाडीच्या डॅशबोर्डखाली ताणलेली गिटारची तार छेडून काढली आहेत. त्या हल्ल्यात पार्श्वसंगीत अजिबात नाही, फक्त पाऊस, पत्रा आणि डरकाळी. नियमही आधीच सांगितलेला: तो हालचाल बघतो, हलू नका. जागेच्या बाबतीत मात्र या प्रसंगात ढळढळीत चूक आहे. ज्या कुंपणातून तो सपाट जमिनीवरून बाहेर आला, त्याच कुंपणाच्या बाजूला थोड्या वेळाने गाडी खोल दरीत पडते. माझ्याच मापाने इथे गुण कापले जातात, म्हणून हा 'जॉज'च्या खाली. आपल्याकडे १९९४ मध्ये हाच सिनेमा हिंदीत डब होऊन आला आणि इंग्रजी सिनेमाच्या वाटेला न जाणाऱ्या घरांतले लोकही थिएटरात गेले. दाखवून सांगणाऱ्या सिनेमाचं डबिंगमध्ये फार नुकसान होत नाही, हेही त्यातून दिसलं.

'टर्मिनेटर २' (जुलै १९९१) मध्ये टी-१००० या द्रवरूप मारेकरी यंत्रमानवाला काय जमत नाही, हे पोराला नीट समजावलं जातं. तो आपल्याएवढ्या आकाराचंच रूप घेऊ शकतो, बंदूक किंवा बॉम्ब होऊ शकत नाही, सुरी किंवा सळई होऊ शकतो. मर्यादा कळली म्हणून भीती बसते. जुळी रूपं दाखवताना दिग्दर्शक जेम्स कॅमेरूनने जिथे जमलं तिथे खरी जुळी भावंडं उभी केली. इस्पितळातला पहारेकरी आणि त्याची नक्कल हे खरे जुळे भाऊ आहेत, आणि लिंडा हॅमिल्टनची जुळी बहीणही सिनेमात आहे. एका गोष्टीचा मात्र राग येतो. मॉलच्या मागच्या बोळात येईपर्यंत दोन यंत्रमानवांतला रक्षक कोण आणि मारेकरी कोण हे पटकथेने जपून लपवलं होतं, आणि ट्रेलरने ते आधीच फोडलं. नवीन पिढीतल्या कुणाला दाखवणार असाल तर ट्रेलर आणि पोस्टर दोन्ही टाळा.

'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' (मे २०१५) वेगाच्या बाबतीत सगळ्यांच्या वर. दोन तासांत २७०० च्या आसपास कट आहेत, म्हणजे सरासरी शॉट तीन सेकंदांचाही नाही. एवढ्या वेगात इतर सिनेमांत डोकं दुखतं, इथे दुखत नाही. कारण दिग्दर्शक जॉर्ज मिलरने महत्त्वाची गोष्ट जवळपास प्रत्येक शॉटमध्ये चौकटीच्या मधोमध ठेवायला लावली. कट झाला की डोळ्याला शोधाशोध करावी लागत नाही, नजर होती तिथेच पुढची गोष्ट मिळते. संकलक मार्गरेट सिक्सेलने त्यासाठी ४८० तासांचं चित्रण चाळलं. शिवाय कथेचा नकाशा साधा आहे: एका रस्त्याने जायचं आणि त्याच रस्त्याने परत यायचं. परतताना खिंड आली की तिथे काय वाढून ठेवलंय ते आपल्याला आधीच माहीत असतं.

अलीकडचं उदाहरण हवं तर 'टॉप गन: मॅव्हरिक' (मे २०२२). अर्धाअधिक सिनेमा एका मोहिमेची तालीम आहे: दरीतून रडारखाली, अडीच मिनिटांत, तीन मीटरहूनही अरुंद लक्ष्य, मग सरळ वर चढाई. प्रत्येक तालमीत वैमानिक वेगळ्या कारणाने अपयशी ठरतात. त्यामुळे खरी मोहीम सुरू होते तेव्हा प्रेक्षक त्यातला प्रत्येक टप्पा ओळखतो आणि कुठल्या टप्प्यावर कोण घसरेल याची धास्ती घेऊन बसतो. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी याची अमेरिकेतली कमाई फक्त २९ टक्के घसरली. २००३ च्या 'हल्क'ची सुमारे ७० टक्के घसरली होती. आकड्यांत काही बघायचंच असेल तर हा बघा. पहिला आठवडा जाहिरात विकते, दुसरा आठवडा बघून आलेली माणसं विकतात.

वाईट सिनेमे वाईट का होतात? हुशार माणसं कमी पडतात म्हणून क्वचितच. बहुतेक वेळा तारीख आधी ठरते आणि पटकथा मागून येते. मेच्या शेवटच्या सोमवारची मेमोरियल डेची सुट्टी, चार जुलै, आणि अलीकडे मेचा पहिला शुक्रवार, या जागा स्टुडिओ दोन-दोन, तीन-तीन वर्षं आधी अडवून ठेवतात. खेळणी, बर्गरवाल्यांचे करार, जगभरच्या थिएटरांची वाटणी, सगळं त्या तारखेला बांधलेलं. मग उशीर झाला की शेवटचा अर्धा तास भरडला जातो, कारण ग्राफिक्सचं सगळ्यांत जड काम तिथेच असतं. त्याच्या खुणा ओळखता येतात. शेवटची लढाई रात्री, धुळीत किंवा पावसात होते आणि उजेड कुठून येतोय ते कळत नाही. कॅमेरा सतत गरगरतो. आकाशात प्रकाशाचा खांब उभा राहतो आणि तो बंद करणं एवढंच काम उरतं. रात्र आणि पाऊस 'जुरासिक पार्क'मध्येही आहे, पण तिथे उजेड गाडीच्या दिव्यांचा आहे, पोरीच्या हातातल्या टॉर्चचा आहे, आणि तोच टॉर्च संकट ओढवून आणतो.

माझ्या मते सगळ्यांत वाईट 'ट्रान्सफॉर्मर्स: रिव्हेंज ऑफ द फॉलन', जून २००९. नोव्हेंबर २००७ ते फेब्रुवारी २००८ हॉलिवूडचे पटकथाकार संपावर होते आणि हा सिनेमा त्यांच्या टिपणावरून पुढे रेटला गेला. ते पडद्यावर दिसतं. पात्रं वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन विमान संग्रहालयाच्या मागच्या बाजूने बाहेर पडतात आणि समोर वाळवंट, डोंगर, रांगेत उभी केलेली जुनी विमानं. ती जागा ॲरिझोनातली आहे, तीन हजार किलोमीटर दूर. हे केवळ भूगोलाचं वावडं नाही, अख्खा सिनेमा असाच जोडलेला आहे. नियमांचंही तेच. यंत्रमानवांच्या नेत्याला जिवंत करणारी वस्तू हातात येताच तिची माती होते. नायक ती माती मोज्यात भरतो, वाळवंटातून पळत राहतो, मरतो, यंत्रमानवांच्या पूर्वजांना भेटून परत येतो, आणि माती पुन्हा वस्तू होते. काहीही केव्हाही होऊ शकतं म्हटल्यावर काळजी कशाची करायची? करडे यंत्रमानव करड्या यंत्रमानवांशी भिडतात तेव्हा हात कुणाचा आणि पाय कुणाचा हे कळत नाही. एकच प्रसंग नीट जमला आहे, जंगलातली लढाई. दिवसाचा उजेड, हिरव्या झाडांमध्ये एक लाल-निळा विरुद्ध तिघे करडे. साधा रंगाचा फरक, आणि तेवढ्यावर लढाई समजते. ज्याला हे एका प्रसंगात जमलं त्याने उरलेल्या दोन तासांत ते का सोडलं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

'गॉडझिला' (मे १९९८) दुसरा वाईट. प्राण्याचा आकारच ठरलेला नाही. एका शॉटमध्ये तो इमारतींच्या वर, दुसऱ्यात भुयारात मावतो. जाहिरात मात्र सगळी त्याच्या आकारावरच केली होती. न्यूयॉर्कभर पाऊस आणि अंधार, मग मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अंड्यांतून निघणारी पिल्लं, ती तर पाच वर्षांपूर्वीच्या 'जुरासिक पार्क'मधून उचलल्यासारखी. गॉडझिलाच्या नावावर असलेली दहशत त्यात औषधालाही नाही. 'बॅटमॅन अँड रॉबिन' (जून १९९७) खेळण्यांच्या दुकानासाठी काढला होता, हे शेवटच्या लढाईत उघड होतं: तिघे नायक कुठलंही कारण न देता नव्या चंदेरी पोशाखात हजर होतात. आणि 'द ममी' (जून २०१७) तर पहिला सिनेमा लागण्याआधीच त्याच्या भावी मालिकेची घोषणा करून बसला होता. त्यातला बराच वेळ पुढच्या सिनेमांची ओळख करून देण्यात गेला, ते सिनेमे आलेच नाहीत.

आपल्या प्रेक्षकाच्या वाट्याला एक जास्तीची अडचण येते, ती मध्यंतराची. हे सिनेमे मध्यंतर धरून लिहिलेले नसतात, थिएटर अर्ध्यावर कुठेतरी कापतं. चढत गेलेला ताण त्यात मोडतो आणि दोष सिनेमाच्या माथी येतो. घरी बघत असाल तर टीव्हीच्या सेटिंगमधलं मोशन स्मूदिंग आधी बंद करा, नाहीतर खरं चित्रण मालिकेसारखं गुळगुळीत दिसतं. चित्र पडदाभर ताणू नका. वर-खाली काळ्या पट्ट्या राहू द्या, कारण झूम केलं की कडेची माणसं कापली जातात आणि कोण कुठे आहे हेच हरवतं.

राहिला 'द लोन रेंजर', जुलै २०१३. तो दोन्ही याद्यांत येतो. डिस्नीला याने प्रचंड तोटा दिला आणि १४९ मिनिटांपैकी दोन तास तो खरोखर भरकटलेला आहे. नायकाचा साथीदार टोंटो म्हातारपणी १९३३ च्या जत्रेत गोष्ट सांगतोय, ती गोष्ट मध्येच तुटते. एका प्रसंगात खलनायक माणसाचं काळीज खातो आणि लगेच पुढे विनोद. पण शेवटची वीसेक मिनिटं बघा. दोन आगगाड्या, कधी समांतर, कधी एकमेकींना छेदणारे रूळ, एका गाडीत चांदी, आणि रोसिनीच्या 'विल्यम टेल'च्या सुरावटीवर छपरावरून दौडणारा घोडा. रूळ आणि गाड्या खऱ्याखुऱ्या बांधलेल्या आहेत. कोण कुठल्या गाडीवर आहे, कुणाला कुठे पोहोचायचंय, डबे सुटले तर काय होणार, एकही गोष्ट नजरेआड होत नाही. दोन तास पुढे ढकला आणि तिथून आवाज मोठा करून बघा.